राजापूरचं मत: 2 नोव्हेंबर 1976

2 नोव्हेंबर 1976 रोजी लोकसभेत 42 वी घटनादुरुस्ती मतदानाला आली. बाजूने 366 मतं पडली, विरोधात 4. राजापूर मतदारसंघाचे खासदार मधू दंडवते यांचं मत या दोन्ही आकड्यांत नाही. आणीबाणीला आणि तिच्या आडोशाने आलेल्या प्रत्येक घटनादुरुस्तीला त्यांचा विरोध होता, त्याबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती. पण मतदानाच्या कागदावर ते नाहीत.

ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्यांसमोर बोलायला मला अधूनमधून बोलावतात. मी तिथे हेच प्रकरण घेऊन जाते. कुडाळच्या एका वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मतदानाक ते नव्हतेच? मगे तेंनी विरोध केल्यानी तरी खंय?" विचारणारी मुलगी वेंगुर्ल्याकडच्या एका किनारी गावातली, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिने तो प्रश्न एवढ्या तळमळीने का विचारला, ते मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. ते शेवटी सांगते. आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते एका वाक्यात देता येत नाही.

माणूस आणि मतदारसंघ

राजापूर मतदारसंघ आज नकाशावर नाही. 2008 च्या पुनर्रचनेनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. 1971 मध्ये तर सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता, तो 1 मे 1981 ला वेगळा झाला. तोवर सगळा रत्नागिरी जिल्हाच. रेल्वे नाही, फोन मोजक्या घरांत, बातमी यायची ती रेडिओवर किंवा एसटीने येणाऱ्या पेपरातून, नाहीतर मुंबईच्या चाकरमान्याच्या पत्रातून.

या जागेवर 1957 पासून सलग तीन वेळा निवडून आले ते बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे सुपुत्र. 18 जानेवारी 1971 ला ते गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाकडून मधू दंडवते उभे राहिले आणि जिंकले. देशभरात त्या पक्षाचे दोनच खासदार निवडून आले, त्यातले ते एक. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, 1955 च्या गोवा सत्याग्रहात उतरलेले. कोकणी माणसाने बाहेरच्या माणसाला आपलं म्हटलं आणि 1971 पासून 1989 पर्यंत पाच वेळा दिल्लीला पाठवलं.

नाथ पै यांचा उल्लेख मी मुद्दाम करते, आणि त्याला गुंतागुंतीचं एक कारण आहे. 1967 मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्यानंतर संसदेला घटनेच्या कुठल्याही भागात दुरुस्तीचा अधिकार असावा म्हणून खाजगी विधेयक आणलं ते नाथ पै यांनीच. ते मंजूर झालं नाही, पण त्याच दिशेची 24 वी घटनादुरुस्ती पुढे 1971 मध्ये झाली. म्हणजे ज्या जागेवरून संसदेच्या सर्वाधिकाराची बाजू सर्वांत जोरात मांडली गेली, त्याच जागेचा खासदार पाच वर्षांनी तुरुंगात होता आणि संसद घटना बदलत होती. नाथ पै यांची लोकशाहीवरची निष्ठा वादातीत होती. त्यांनी ज्या संसदेवर विश्वास टाकला होता तिच्यात विरोधकाची खुर्ची भरलेली असणार, हे त्यांनी गृहीत धरलं असावं. माझ्या मते सगळं प्रकरण त्या गृहीतावर येऊन थांबतं.

बंगळूर

जून 1975 च्या शेवटच्या आठवड्यात दंडवते बंगळूरला होते. कामासाठीच गेले होते: पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीची बैठक होती. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तिथेच होते. 25 जूनच्या रात्री आणीबाणीचा आदेश निघाला. 26 जूनला या चौघांना बंगळुरातच अटक झाली.

म्हणजे सदस्याने सभागृहात कसं वागावं, पक्षाचा आदेश कुठवर पाळावा, या कायद्याच्या कामाला गेलेले चार सदस्य तिथूनच तुरुंगात गेले. ते विधेयक 1977 मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. पक्षांतरबंदी आली ती पुढे 1985 मध्ये, 52 व्या दुरुस्तीने.

कोकणात तेव्हा मृग संपून आर्द्रा सुरू झालेल्या. तरवे वर आलेले, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या. आपला खासदार कुठे आहे हे कित्येक गावांना कित्येक दिवस कळलंच नाही, कारण वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. पुढे तर संसदेत कोण काय बोललं ते छापण्याला संरक्षण देणारा 1956 चा कायदाही रद्द केला गेला. फिरोज गांधींनी आणलेला तो कायदा. त्यामुळे राजापूरच्या मतदाराला आपला प्रतिनिधी सभागृहात नाही हेही धड समजत नव्हतं, आणि सभागृहात काय चाललंय हेही नाही.

दंडवते जवळजवळ 18 महिने बंदिवासात होते. प्रमिला दंडवते येरवड्याला. नवराबायको दोन राज्यांच्या दोन तुरुंगांत, आणि मध्ये तपासून पुढे जाणारी पत्रं. ती दोनशेच्या आसपास आहेत.

बंगळूरचं ते जुनं मध्यवर्ती कारागृह आता फ्रीडम पार्क झालंय. मी एकदा गेले होते. मधला टेहळणीचा मनोरा अजून उभा आहे, काही बराकी तशाच ठेवल्यात. दुपारी झाडाखाली कॉलेजची मुलं डबा खात होती. मी त्या मनोऱ्याखाली उभी राहिले आणि दिल्लीतली घंटा आठवली. लोकसभेत मतविभागणी, म्हणजे मोजून मतदान, मागितली की अध्यक्ष लॉबी मोकळी करायला सांगतात आणि घंटा वाजू लागते. साडेतीन मिनिटं. ग्रंथालयात असलेला, कँटीनमध्ये असलेला, जिन्यावर गप्पा मारणारा, ज्याला ज्याला मत द्यायचंय तो तेवढ्या वेळात धावत आत येतो. मग दरवाजे बंद. त्यानंतर आलेल्याला आत घेत नाहीत. घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत मोजायचं असतं, म्हणून तिथे आवाजी मतावर भागत नाही, ही घंटा वाजावीच लागते. 2 नोव्हेंबरलाही वाजली असणार. बंगळूर दिल्लीपासून दोन हजार किलोमीटरवर.

चुकलेली मतं

2 नोव्हेंबरचं मत हे दंडवत्यांचं एकटंच चुकलेलं मत नाही. यादी जुलै 1975 पासून सुरू होते.

21 जुलैला अधिवेशन भरलं, प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवून. 23 जुलैला लोकसभेने आणीबाणीला मंजुरी दिली: 336 विरुद्ध 59. तुरुंगाबाहेर राहिलेल्या विरोधकांनी निदान हे मतदान केलं, आणि मग ते सभागृहाबाहेर पडले. लगोलग 38 वी दुरुस्ती आली. आणीबाणीच्या घोषणेला कोर्टात आव्हान देता येणार नाही, ही तिच्यातली मुख्य गोष्ट.

39 व्या दुरुस्तीचा वेग बघा. 7 ऑगस्टला मांडली आणि त्याच दिवशी लोकसभेत मंजूर. 8 ला राज्यसभा, 9 ला राज्यांच्या विधानसभांची संमती, 10 ला राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोर्टाच्या कक्षेबाहेर काढणारी ही दुरुस्ती, आणि 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात त्याच निवडणुकीच्या खटल्याची सुनावणी ठरलेली. आमच्याकडे ग्रामपंचायतीत साधा पाखाडी दुरुस्तीचा ठराव मंजूर होऊन सही व्हायला याहून जास्त दिवस लागतात.

मग 42 वी. 59 कलमांची, घटनेचा चेहराच बदलणारी. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं. घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान नाही. उच्च न्यायालयांचे अधिकार कापलेले. मूलभूत कर्तव्यं तिनेच आणली. आणि सरनाम्यात "समाजवादी" हा शब्दही तिनेच घातला. सारं आयुष्य समाजवादी चळवळीत घालवलेला माणूस तो शब्द घटनेत शिरत असताना त्या सभागृहाचा सदस्य होता, आणि त्याला तिथे बोलायची मुभा नव्हती. वर्गात या ठिकाणी मी नेहमी थोडा वेळ थांबते.

कागदावर सगळे सारखेच

आता पुन्हा त्या आकड्याकडे. विरोधात फक्त 4. खरे विरोधक चारच होते का?

अजिबात नाही. काही सदस्य तुरुंगात होते. बाहेर असलेल्या विरोधकांपैकी बहुतेकांनी या चर्चेवरच बहिष्कार टाकला होता. असल्या परिस्थितीत, असल्या संसदेला घटना बदलायचा नैतिक अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका. तिसरी तऱ्हा मधू लिमये आणि शरद यादव यांची. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च 1976 मध्ये संपत होती, ती कायदा करून वाढवली गेली. लिमये तेव्हा तुरुंगात. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी निवडलं, त्यापुढे एक दिवस बसायचा आपल्याला हक्क नाही, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. शरद यादव यांनीही दिला.

चौथी तऱ्हा राज्यसभेतली, सुब्रमण्यम स्वामींची. अटकेचा हुकूम डोक्यावर असताना 10 ऑगस्ट 1976 ला ते अचानक सभागृहात उगवले, हजेरी लावली आणि पसार झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांना राज्यसभेतून काढून टाकलं.

तुरुंग, बहिष्कार, राजीनामा, भूमिगत. चार माणसं चार कारणांनी मतदानाला नसतात, पण मतविभागणीचा कागद ही कारणं सांगत नाही. त्यावर बाजू आणि विरोध एवढंच असतं. पुढच्या पिढीतल्या एखाद्याने नुसता तो कागद उघडला तर त्याला वाटेल की देश जवळजवळ एकमताने घटना बदलत होता. राज्यसभेत तर 190 विरुद्ध शून्य.

वर्गात इथे कुणीतरी म्हणतंच, "बाई, पण ते सगळे आले असते तरी निकाल बदलला नसता." गणित करून बघू. घटनादुरुस्तीला दोन अटी लागतात: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. 366 मतं दोन तृतीयांशाच्या खाली आणायची तर विरोधात किमान 184 हवीत. लोकसभेची संख्या तेव्हा 520 च्या आसपास. त्यातून 366 वजा केले की उरतात साधारण 154. म्हणजे तुरुंगातले, बहिष्कारवाले, राजीनामा दिलेल्यांच्या रिकाम्या जागा, आजारी, सगळेच्या सगळे येऊन विरोधात उभे राहिले असते, तरी दुरुस्ती मंजूर झालीच असती.

यात एक बारकावा आहे, नव्या सदस्यांनी तो लक्षात ठेवावा. दुसरी अट हजर असणाऱ्यांवर मोजली जाते. त्यामुळे विरोधक गैरहजर राहिला की त्याचं मत नुसतं वाया जात नाही, समोरच्याची दोन तृतीयांशाची पायरी तेवढी खाली येते. बहिष्कार टाकणाऱ्याने हे मनात धरूनच निर्णय घ्यायला हवा. मी बहिष्काराच्या विरोधात आहे असं नाही. पण निकाल अटीतटीचा लागणार असेल तेव्हा बहिष्कार टाकणं म्हणजे समोरच्याला हात देणं. 1976 मध्ये निकाल अटीतटीचा नव्हता, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही.

मग निकाल बदलणारच नव्हता तर हे प्रकरण एवढं उगाळायचं कशाला? कारण हरलेलं मतही काम करतं. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टात जाताच येत नाही. नऊ उच्च न्यायालयांनी उलट निकाल दिला होता. बंगळूरच्या चौघांनी ज्या कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली होती, तेही त्यात होतं. त्या एका विरोधी मताचे धनी न्यायमूर्ती हंसराज खन्ना. ते हरले. पण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून पुढच्यांना धरायला काहीतरी होतं, आणि आज कायदा शिकणारी मुलं त्या निकालातून खन्नांचंच मत वाचतात. दंडवत्यांना तेवढीही जागा मिळाली नाही. हरायची संधी ही लोकशाहीत फार मोठी गोष्ट असते, आणि तीच राजापूरकडून काढून घेतली गेली.

मी राजापूरकडून म्हणते, दंडवत्यांकडून नाही. ते मत त्यांच्या मालकीचं नव्हतं. मालवणच्या रापणकराचं, कणकवलीच्या शिक्षकाचं, सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या बाईचं, राजापूरच्या बाजारातल्या व्यापाऱ्याचं ते एकत्रित मत होतं. त्यांच्यात इंदिराबाईंना मानणारेही होतेच. पण कोकणच्या या पट्ट्याने रीतसर निवडलेलं एक मत, घटना बदलत असताना, एका प्रशासकीय हुकमाने सभागृहाबाहेर ठेवलं गेलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षा नाही.

कायद्यातली फट

लोकांना वाटतं की खासदाराला अटक करता येत नाही. येते. अधिवेशनाच्या आधी आणि नंतर चाळीस दिवसांचं जे संरक्षण आहे, ते दिवाणी प्रकरणांपुरतं. फौजदारी गुन्ह्यात नाही, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतही, म्हणजे नुसत्या संशयावरून खटल्याविना कोंडण्यातही, नाही. अध्यक्षांना अटकेची खबर द्यावी लागते, बस्स. 1965 मध्ये आनंद नंबियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की स्थानबद्ध सदस्याला सभागृहात हजर राहण्याचा हक्क नाही. म्हणजे 1975 मध्ये दंडवत्यांनी मला मतदानाला न्या म्हणून मागणी केली असती तरी हातात हक्क म्हणून काही नव्हतं.

त्याच वेळी दुसरीकडे, परवानगीशिवाय सलग साठ दिवस गैरहजर राहिला तर घटनेच्या 101 व्या कलमाने सदस्याची जागा रिकामी जाहीर करता येते. म्हणजे सरकारने तुम्हाला कोंडायचं, आणि कोंडल्यामुळे तुम्ही आला नाहीत म्हणून तुम्हीच तुरुंगातून रजेचा अर्ज करायचा. अशा अर्जांसाठी लोकसभेची स्वतंत्र समिती असते. आमच्या ग्रामपंचायत कायद्यातही असंच आहे: परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना आला नाही तर सदस्याचं पद जाऊ शकतं.

आता मला सर्वांत खटकणारी गोष्ट. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 (5) नुसार तुरुंगातल्या माणसाला निवडणुकीत मत देता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे: प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला हे लागू नाही. त्याला टपालाने मत देता येतं. कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं की ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही, ज्याच्यावर आरोपही नाही, त्याला नुसत्या संशयावरून कोंडलं असेल तर त्याचा नागरिक म्हणून मताचा अधिकार काढू नये. मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या तेव्हाच्या कायद्याखाली, कोंडलेल्या साध्या मतदारासाठी टपालाची वाट होती. आणि त्याच मिसाखाली कोंडलेल्या खासदाराला, ज्याच्या एका मतामागे लाखो मतदार उभे, सभागृहात मत द्यायची कसलीच वाट नव्हती. आजही नाही. कोर्टाने मेहेरबानी केली तर पोलिसांच्या गराड्यात नेतात.

महाराष्ट्राने हे 2022 मध्ये पाहिलं. जूनमध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत कोठडीत असलेल्या दोन आमदारांना मतदानाची परवानगी नाकारली गेली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्याच दोघांना बहुमत चाचणीत भाग घ्यायला परवानगी दिली, आणि त्या रात्री मुख्यमंत्र्यांनीच राजीनामा दिल्याने ती चाचणी झाली नाही. त्यांची प्रकरणं आर्थिक गुन्ह्यांची होती, दंडवत्यांच्या स्थानबद्धतेशी त्यांची तुलना मी करणार नाही. मुद्दा एवढाच की पन्नास वर्षांनंतरही हा हक्क आहे की मेहेरबानी, हे ठरलेलं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात, 4 जुलैच्या विश्वासमताला, विरोधी बाकांवरचे काही आमदार मोकळे असूनही उशिरा पोचले आणि दरवाजे बंद झालेले दिसले. त्यांना घंटा ऐकू आली होती. त्यांच्या गैरहजेरीकडे मी दंडवत्यांच्या गैरहजेरीसारखं पाहू शकत नाही, आणि मतदारानेही पाहू नये.

गैरहजर सदस्याबद्दल मत बनवताना मी तीन गोष्टी तपासते. यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं का? त्या मताआधी तो काय बोलत होता? आणि पुढे संधी मिळाली तेव्हा त्याने काय केलं? तिसरी सगळ्यांत महत्त्वाची.

नंतर

मार्च 1977 मध्ये राजापूरने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिलं, जनता पक्षाकडून. ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम आला तो त्यांच्या काळात, आणि कोकणात अजून ते कृतज्ञतेने सांगितलं जातं. कोकण रेल्वे हा वेगळा आणि मोठा विषय.

ते ज्या मंत्रिमंडळात होते त्याने 43 वी आणि 44 वी दुरुस्ती आणली. 38 व्या दुरुस्तीने घातलेली कोर्टबंदी गेली, 39 व्या दुरुस्तीचं कलम गेलं, लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं झाली. आणीबाणीच्या कारणांतून "अंतर्गत अशांतता" जाऊन "सशस्त्र बंड" आलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला. आणीबाणीला संसदेची मंजुरी पूर्वी दोन महिन्यांत साध्या बहुमताने पुरायची, आता एका महिन्यात आणि विशेष बहुमताने लागते. जगण्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाट आता आणीबाणीतही बंद करता येत नाही. संसदेचं कामकाज छापण्याचं संरक्षण थेट घटनेत गेलं.

सगळं साधलं नाही. राज्यसभेत जनता पक्षाला बहुमत नव्हतं, काही कलमं तिथे गळाली. 42 व्या दुरुस्तीतली कोर्टबंदी शेवटी संसदेने नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द केली. आणि स्थानबद्ध सदस्याच्या मताचा प्रश्न स्वतः स्थानबद्धता भोगलेल्या या मंडळींच्या हातूनही राहून गेला. मला त्याची खंत वाटते. सरकारात तुरुंग पाहिलेले इतके जण बसले होते. एका ओळीचा अपवाद, 62 (5) मध्ये आहे तसाच, सभागृहासाठी लिहिता आला असता.

वेंगुर्ल्याकडची मुलगी

आता ती मागच्या बाकावरची. तिच्या गावात किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनाशेजारी एका बांधकामाला ना हरकत दाखला द्यायचा ठराव मासिक सभेत येणार होता. दोन सभांमध्ये ती विरोधात बोललेली. तिसऱ्या सभेच्या आदल्या रात्री सासूच्या छातीत दुखू लागलं, पहाटे गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागलं. इकडे सभा झाली, ठराव मंजूर झाला. वाडीत बोललं गेलं की ऐनवेळी पळाली, काहीतरी मिळालं असेल.

तिने मोबाईलवर काढलेला इतिवृत्ताच्या पानाचा फोटो दाखवला. निळ्या शाईत सहा नावं आणि सह्या. तिच्या नावापुढे सहीच्या जागी लाल पेनाने "गैरहजर", खाली दोन रेघा. कारणाचा रकानाच नाही.

तिची गोष्ट आणि दंडवत्यांची गोष्ट एका मापाची नाही, तिला कुणी कोंडलं नव्हतं. पण शब्द तोच होता. मी तिला एवढंच सांगितलं की पुढच्या सभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो, त्याआधी लेखी पत्र दे: मी या कारणाने हजर नव्हते, ठरावाला माझा विरोध आहे, त्याची ही कारणं.

महिन्याभराने तिचा फोन आला. सरपंच म्हणाले, सभेत जे घडलं तेवढंच इतिवृत्तात येतं, तुझा विरोध त्यात घालता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. पण आयत्या वेळच्या विषयांत तिचं पत्र वाचलं गेलं, आणि नव्या सभेच्या इतिवृत्तात वाचल्याची नोंद झाली. ठराव तसाच आहे. पत्राच्या तिच्या प्रतीवर ग्रामसेवकाने शिक्का मारून आवक क्रमांक घातला. तो क्रमांक तिने मला फोनवर दोनदा वाचून दाखवला.